फोटोखालची दहा नावं

भिंगाखाली एक खांदा... बोराएवढा, करडा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि त्याच मुलाच्या उजव्या खांद्यापेक्षा वर चढलेला. रचनानं भिंग मागे घेतलं, पुन्हा जवळ आणलं. खांदा तोच. हा खांदा तिनं जन्मभर पाहिला होता — अंगणात बनियन वाळत घालताना, सायकल ओसरीवर चढवताना — लहानपणी चिंचेवरून पडून मोडलेला आणि वाकडाच जुळलेला, बाबांचा. पन्नास वर्षं बाबा सांगत आले, सातवीच्या फोटोत मी हाय वो, सरच्या मांगं उभा. आणि आई असेपर्यंत म्हणायची, हाव, आन मी त्या फोटोतली रानी! कुणाचा विश्वास नव्हता. फोटो विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा, त्यामुळे घरात पुरावा काहीच नाही. आणि आज हा समोर, खराखुरा. तिला हसूच फुटलं. मग तिनं खालची नावं मोजली, कारण मोजणं हा तिचा धंदा. मुलं अकरा, नावं दहा, आणि त्यांत बाबांचं नाही.

झालं! सकाळी आठ वाजता पंचाईत येऊन बसली.

नऊ वर्षं नागपूरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासली, तो बंद पडला तशी ती आपल्या गावी, सौंदडला परत आली आणि दारावर पाटी लावली — मुद्रितशोधन व संपादन. लोक विचारत, हे झेरॉक्सचं दुकान हाय का? दोन महिने कुत्रंही फिरकलं नाही. मग पहिलं काम आलं ते गोवर्धन सरांचं आत्मचरित्र, चौऱ्याऐंशी वर्षांचे सर, बाबांचेच शिक्षक. गठ्ठा घेऊन आला त्यांचा मुलगा उमेंद्र, गोंदियात शिक्षणसंस्था चालवणारा. "ताई, फक्त शुद्धलेखन देखो. बाबूजींच्या मजकुराला हात नाही लावायचा. हे नीट झालं ना, तर संस्थेची स्मरणिका पण तुमच्याकडेच." स्मरणिका म्हणजे वर्षभराचं काम. स्मरणिका म्हणजे पाटी टिकली.

छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा प्रुफावर डोळा ठेवायचा. इथे दुसरं कोण मिळणार? रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, सातवी पास बाबा. पण काय हौस त्यांना! रोज नऊच्या ठोक्याला आंघोळ करून, चष्मा पुसून, सरांच्या हस्तलिखितावर बोट टेकवून हजर. ज्या अक्षरानं फळ्यावर शिकवलं ते अक्षर आता आपण वाचून राहिलो, याचाच केवढा अभिमान. 'माझ्या वर्गात सर्व मुले एका माळेतले मणी होती, पूर्णविराम' — हे वाक्यसुद्धा त्यांनी त्याच सुरात वाचलं होतं. फक्त त्यानंतर उठून पाणी प्यायले. शाळेत त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या मडक्याचं त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं, तेही हसत, कुणाची तक्रार न करता.

आज फोटोचं पान. सरांच्या हातची यादी पलीकडे बाबांच्या गठ्ठ्यात होती, दोन पावलांवर. टाइप करणाऱ्याकडून एक नाव सुटलं असेल... सुटतात नावं, रोज सुटतात... तर उठावं, पाहावं, संपलं. ती उठली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडून आली. चहा ठेवला, उतू घालवला. यादीत नावच नसलं तर? मग काय करणार आहेस तू, रचना? मी काय करणार आहे? समासात लिहीन, एक नाव राहिले. उमेंद्र विचारेल, हे तुमच्या वडिलांचं ना? गोड बोलून गठ्ठा परत नेईल आणि स्मरणिका दुसरीकडे जाईल. आणि नाही लिहिलं, तर छापलेलं पुस्तक बाबा हातात घेतील, फोटो पाहतील, मग खाली बोट फिरवतील. त्या बोटाच्या विचारानंच तिला धड बसवेना. सरांचा राग येत होता आणि राग यावा असं सरांनी केलं का, हेही ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. "ताई, चार वाजेपर्यंत फायनल द्या. प्रेसवाला बैठा है."

"देते," ती म्हणाली.

बाबा आलेच. "काय करून राहिली वो? फोटो आला म्हनतेस ना?"

आपण असं कधी म्हटलं, तिला आठवेना. तिनं भिंग दिलं. बाबा कितीतरी वेळ वाकून होते.

"हा मी," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसला, गठ्ठ्यातला कागद काढला. "चाल, नावं घे."

"उद्या घेऊ, बाबा."

"काऊन? त्याईले आज पाहिजे ना?"

बोट ओळीवर टेकलं. "डावीकडून, अपूर्णविराम. मुन्नालाल हरिणखेडे, स्वल्पविराम. भैयालाल पटले, स्वल्पविराम..." ती प्रुफावर एकेका नावाखाली ठिपका देत गेली. सात. आठ. नऊ. दहावं नाव झालं आणि बाबा थांबले. स्टेशनातून गाडी सुटली. एरवी तिच्या आवाजावरून रुळाचं दुखणं सांगणारे बाबा, आज त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"स्वल्पविराम," ते म्हणाले. "कवडू बिसराम. पूर्णविराम."

रचनानं मान वर केली. बोट कागदावर नव्हतं, चष्म्याच्या काडीवर होतं. कागद त्यांनी वाचून झालेल्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला, रोज ठेवत तसाच.

"घेतलं का?"

छापखान्यात ती वाचणाऱ्यावर कधी विसंबली नव्हती. शंका आली की हात पुढे, दाखवा मूळ प्रत. कागद हातभर अंतरावर होता. बाबांनी तिला आयुष्यात एकही खोटं सांगितलेलं नव्हतं — आणि तो फोटोसुद्धा खराच निघाला होता ना? तिनं लाल पेन उचललं, दहाव्या नावापुढे खूण केली आणि समासात ठसठशीत लिहिलं, कवडू बिसराम.

"घेतलं, बाबा."

सकाळपासूनची काळजी तशीच होती, पण आता ती उमेंद्रची नव्हती, बाबांची होती. बाबांनी पुढचं पान उचललं होतं, बोट ओळीवर टेकवलं होतं, आणि अजून वाचायला सुरुवात केली नव्हती.