कोणत्याही आजारावर नाही

लेबलसाहेबांचं डोकं एकाच गोष्टीनं फिरायचं: बाटलीवर एक आणि बाटलीत भलतंच. औषध खात्यात निरीक्षक होते ते. नाव दुकानदारांनी ठेवलेलं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तशी गत. गल्लीतले औषधवाले काका ज्या 'सर्वसुख अर्का'वर जगत होते, तो खुद्द साहेबांच्या आईच्या उशाशी होता.

आईला रोज संध्याकाळी चमचाभर अर्क लागायचा, आणि त्याआधी लेकानं लेबल मोठ्यानं वाचायला हवं. "नुसतं पिऊन काय होतंय? काय काय बरं होणार ते कानावर पडायला नको?" लेबलावर संधिवातापासून वाईट स्वप्नांपर्यंत सगळं होतं. साहेब दातओठ खात वाचायचे. मग आई उठून घरभर हिंडायची आणि सुनेच्या स्वयंपाकात खोडी काढायची.

शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल आला. साखर, पाणी, लाल रंग. साहेबांनी काकांचा सगळा माल जप्त केला, आईच्या उशाची बाटलीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी आईनं अंथरूण धरलं. तीन डॉक्टर झाले. तिघांचं एकच, "यांना काहीही झालेलं नाही." आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बघ, माझ्या दुखण्याला साधं नावसुद्धा नाही." ती जेवेना, आणि साहेबांच्या घशाखाली घास उतरेना. आई हातची जाते की काय, अशी भीती त्यांना वाटायला लागली.

कायद्यात एक वाट होती. लेबल खरं केलं की माल सुटतो. साहेब स्वतः काकांकडे गेले.

"खरं म्हणजे काय लिहू?" काका म्हणाले. "कधी लिहिलं नाही हो. हात वळत नाही."

"साखर, पाणी, रंग. कोणत्याही आजारावर गुण येत नाही."

काका रडकुंडीला आले, पण लिहिलं त्यांनी.

संध्याकाळी साहेबांनी छातीवर दगड ठेवून आईला नवं लेबल वाचून दाखवलं. आईनं मान वळवली.

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं.

"कोणत्याही आजारावर नाही? अरे, मग हे माझंच औषध! मला कोणताच आजार नाही, तीन डॉक्टरांनी सांगितलंय. इतकी वर्षं मी आपली लोकांच्या संधिवातावर भागवत होते." तिनं चमचा मागितला, आणि सकाळी सून ओट्याशी यायच्या आत सासूबाई तिथं हजर.

बातमी गल्लीभर झाली. डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणून परत पाठवलेली सगळी माणसं काकांच्या दारात उभी राहिली. त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांना इतका गुण आला, की त्यांनी खात्यात तक्रार ठोकली: लेबल धादांत खोटं आहे.

मोठे साहेब लेबलसाहेबांना म्हणाले, "तुमच्या मातोश्रींनाही गुण आला म्हणे. उद्या मी स्वतः येऊन बघतो. खरं निघालं तर माल पुन्हा जप्त."

लेबलसाहेब घरी आले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आईला खोटं बोलायला सांगितलं. "आई, उद्या जरा आजारी पड. नाहीतर अर्क जाईल."

"त्यात काय, पडते की."

आणि पडली बाई! असं कण्हली, की सुनेच्याही डोळ्यांत पाणी आलं. मोठे साहेब खुर्ची ओढून बसले. "औषधानं काही फरक, आजी?"

"कसला फरक, बाबा. मेलं साखरपाणी. काडीचा उपयोग नाही."

मोठ्या साहेबांचं समाधान झालं. लेबल खरं असल्याचा शेरा मारून ते गेले.

"आई, ऊठ आता. गेले ते."

आई हलली नाही.

"ऐकलंस ना मी काय बोलले? माझ्याच तोंडून निघालं. आता कसला गुण येतोय?"

साहेबांनी चमचा पुढे केला. तिनं तोंड मिटून घेतलं. त्यांनी नवं लेबल दोनदा वाचलं. आई ढिम्म. तिचा हात हातात घेतला तर गार लागला, आणि साहेबांचा धीरच सुटला.

त्यांनी उठून दार लावलं, खिडकी लावली. बाटली तशीच हातात धरली आणि रोज संध्याकाळी वाचून तोंडपाठ झालेलं जुनं लेबल ते खणखणीत आवाजात म्हणायला लागले. संधिवात, कंबरदुखी, निद्रानाश, छातीतली धडधड, वाईट स्वप्नं. लाजेनं कान तापले होते, पण आवाज काही कापला नाही.

पांघरुणातून आईचा एक पाय बाहेर आला.

"गुडघे राहिले," ती म्हणाली.

"आणि गुडघेदुखी," साहेब म्हणाले, "जुनी असो वा नवी."