झेंडी पडायची नाही

शाळेच्या बसमधून लेकरं उतरत असताना मागे गाडी उभी करून भोंगा बडवणारा ड्रायव्हर दिसला, की मला वाटतं याला कानाला धरून खाली उतरवावं आणि गंगूताईंच्या पुढे उभं करावं. गंगूताई आता नाहीत, हे त्या ड्रायव्हरांचं नशीब.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. साल अडतीस असावं. मी आठ वर्षांची होते आणि नुकतीच तिसरीत गेले होते. हिंगोलीत आमच्या मुलींच्या शाळेत गंगूताई एकट्याच शिकवायच्या. शाळा सेनगावच्या रस्त्याला, आणि आमची आळी गावाच्या दुसऱ्या टोकाला. आमचे अप्पा, म्हणजे दत्तोपंत, तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचा कायदा असा, की मुलगी रस्त्याने पायी जायची नाही. गाडी मिळाली तर शिकेल, नाही मिळाली तर घरी बसेल. मग गंगूताईंनीच गाडी शोधली, आणि आळीतल्या आम्ही सात जणी ग्यानबाच्या दमणीतून शाळेत जाऊ लागलो.

ग्यानबा साखऱ्याचा. एके काळी शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवायचा. त्याची हरण्या-पाखऱ्याची जोडी पटात उतरली, की बाकीचे गाडीवान आधीच तोंड पाडायचे म्हणे. पुढे त्याचा गुडघा निकामी झाला आणि पट सुटला. पण पटाचे बैल औताला जुंपायला त्याचं मन धजेना, म्हणून त्याने हिंगोलीत येऊन ही हलकी, छपराची दमणी धरली. बैल इतके गरीब झाले होते, की आम्ही त्यांच्या शिंगांना वेण्यांच्या फिती बांधायचो.

भीती होती ती मोटारीची. स्टेशनावरून सेनगावला जाणारी लालसिंगची मोटार नेमकी शाळा भरायच्या वेळेला तिथून जायची. आदल्या वर्षी शाळा उघडली त्याच आठवड्यात एका मुलीची पाटी मोटारीच्या चाकाखाली गेली. मुलगी हातभर अंतराने वाचली. लालसिंग काही वाईट माणूस नव्हता. तो बिचारा लांबूनच भोंगा वाजवायचा. पण भोंगा ऐकला की पोरं बाजूला व्हायची सोडून मोटार बघायला रस्त्यावरच धावायची. गंगूताईंनी वर्षभर अर्ज केले. कचेरीतून उत्तर आलं, की अर्ज मिळाला.

मग जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांनी आपलं जुनं लाल लुगडं फाडलं, काठीला बांधलं आणि पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "झेंडी वर आहे तोवर कोणी हलायचं नाही. झेंडी खाली आली की जा," असं त्यांनी लालसिंगला बजावलं. लालसिंग पहिल्या दिवशी इतका मुकाट्याने थांबला, की आतल्या उतारूंना वाटलं पोलीसच आले.

त्याच्या शेजारी आमची दमणी थांबली. पायी येणाऱ्या मुली रस्ता ओलांडत होत्या. हरण्याने मान वर केली. पाखऱ्याचे कान ताठ झाले. मी पुढेच बसले होते, मला ते स्पष्ट दिसलं. ग्यानबा मात्र लालसिंगशी बोलण्यात गुंतला होता.

शेवटची मुलगी पलीकडे गेली. गंगूताईंनी झेंडी खाली पाडली.

आता पटात काय होतं? झेंडी पडते आणि बैल सुटतात. बाईंना हे कुठून ठाऊक असणार! हरण्या-पाखऱ्याला मात्र सगळं ठाऊक होतं. दमणी अशी उसळली, की आम्ही सातही जणी एकमेकींच्या मांडीवर पडलो. डबे उडाले, पाट्या उडाल्या. झेंडी पडली म्हणून लालसिंगनेही मोटार सोडली होती, ती आमच्या बरोबरीने पळायला लागली. मग काय, बैलांना तर स्वर्ग दोन बोटं उरला! ग्यानबा कासरा ओढून ओढून मागे आडवा झाला होता. समोरून मुलांच्या शाळेची पाच-सहा पोरं येत होती, त्यांनी नालीत उड्या टाकल्या म्हणून निभावलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला मजा वाटली होती. ती पोरं दिसली तेव्हा मात्र मी किंचाळले.

तेवढ्यात शेजारची घरघर थांबली. लालसिंगने करकचून ब्रेक दाबला आणि मोटार बंदच करून टाकली. शेजारी पळणारं कोणी उरलं नाही तसे बैलही मंदावले, आणि पटाची धाव संपते तेवढ्या अंतरावर येऊन थांबले. पटात मिळायचा त्या गुळासाठी माना वळवून बघायला लागले. थांबले ते बरोबर तहसील कचेरीसमोर. ओसरीवर सगळे कारकून उभे होते, आणि सगळ्यात पुढे आमचे अप्पा.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर पंचायत भरली. गंगूताई आल्या, ग्यानबा आला, टोपी हातात धरून लालसिंगही आला.

"म्या भोंगा न्हाई मारला, पंत," लालसिंग म्हणाला. "बाजूला कुणी पळून राह्यलं तर पटाची जोडी थांबत न्हाई. म्हणून मशीनच बंद केली."

"तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत," अप्पा म्हणाले. "पण ग्यानबा, हे बैल आहेत की भुतं?"

"त्यांची काई चूक न्हाई, मालक." ग्यानबाच्या डोळ्यांत पाणी होतं. "झेंडी पडली की पळायचं, एवढंच शिकवलं म्या त्यांना. आता कसं सांगू, का ते खोटं व्हतं म्हणून?"

"ते काही असो. उद्यापासून अनू घरी बसेल. बाकीच्यांचंही हेच म्हणणं आहे."

मी दाराआड होते. बाजारातल्या दुकानांवरच्या पाट्या मला त्याच महिन्यात धडाधड वाचता यायला लागल्या होत्या, आणि आता काय, तर घरी बसून गहू निवडायचे. मला असं रडू फुटलं, की लपायचं भानच राहिलं नाही.

"अप्पा, पण झेंडी पडलीच नाही तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठ्यांच्या मध्ये बोलले म्हणून एरवी धपाटाच बसला असता. पण गंगूताईंनी मला हाताला धरून पुढे घेतलं आणि त्या म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलते आहे. झेंडी पाडायचीच नाही. मुली आत गेल्या, की मी ती उंच धरूनच शाळेत नेईन."

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "एक वर्ष," ते म्हणाले. "वर्षात बैल एकदा जरी उधळले, तर शाळा बंद. आणि उद्या गाडीत मी बसणार."

दुसऱ्या दिवशी कोट, पगडी आणि छत्री अशा थाटात अप्पा आम्हा सात जणींच्या मध्ये कोंबून बसले. झेंडी वर झाली. बैलांचे कान ताठ झाले. ग्यानबा लंगडत खाली उतरला आणि दोघांच्या नाकांवर हात ठेवून उभा राहिला. मुली गेल्या. मग गंगूताई झेंडी तश्शीच उभी धरून चालत निघाल्या, पायऱ्या चढल्या आणि आत गेल्या. बैल बघत राहिले. झेंडी काही पडेना. शेवटी पाखऱ्याने एक सुस्कारा सोडला आणि दमणी मुकाट शाळेच्या दाराकडे निघाली. अप्पांनी घाम पुसला. मग आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "काय रे ग्यानबा, काल कचेरीपर्यंत किती वेळ लागला असेल?"

"मोजायला शुद्ध कुठं व्हती, मालक!"

तसं ते वर्ष गेलं. लालसिंग रोज मोटार बंद करून थांबायचा. त्याचं बघून बाकीचे गाडीवानही थांबायला लागले, आणि एकदा तर एका बड्या हाकिमाची मोटार थांबली. गंगूताईंचा खांदा दुखायला लागला तेव्हा त्यांनी हात बदलला, झेंडी नाही. एकदाच, माघात, वाऱ्याने काठी त्यांच्या हातून सुटली. लालसिंगने मोटारीच्या पायरीवरून उडी मारून ती वरच्या वर झेलली. त्या दिवशी माझी तिसरी लालसिंगच्या मुठीत होती. अजून आठवलं तरी मला घाम फुटतो.

एप्रिलमध्ये निकाल लागला. आम्ही सातही जणी पास. निकाल ऐकायला अप्पा स्वतः आले होते. पेढे वाटून झाल्यावर गंगूताईंनी आम्हाला शाळेच्या पायरीवर उभं केलं आणि बोटाने मोजलं, दोनदा. मुलांची शाळा केव्हाच सुटली होती. लालसिंगची मोटार कडेला बंद उभी होती. गंगूताई रस्त्याच्या मध्ये गेल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कचेरीपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"ग्यानबा, गाडीत कोणी नाही ना?"

"न्हाई बाई. काहून?"

गंगूताईंनी झेंडी वर केली. बैलांच्या माना वर झाल्या. मग त्यांनी ती काठी सरळ अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी घसा खाकरला, दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशातलं घड्याळ काढलं, आणि एवढे रुबाबदार आमचे अप्पा, त्यांनी सगळा जोर लावून झेंडी खाली पाडली.

हरण्या-पाखऱ्या सुटले! धूळ उडाली, दमणी खडखडली, आणि आत ग्यानबा कासरा सैल सोडून लहान पोरासारखा ओरडत होता. आम्ही पायरीवरून ओरडत होतो. लालसिंग टोपी उडवत होता. कचेरीसमोर पोचून बैल थांबले आणि गुळासाठी वळून बघू लागले.

अप्पा घड्याळाकडे बघत होते. बघता बघताच, मान वर न करता ते मला म्हणाले, "अनू, चवथीची पुस्तकं परभणीहून मागवावी लागतील. उद्या आठवण कर."