तीनशेच्या पुढची कार्डं

ऋतिकाने स्पेसबार दाबला. कॉम्प्युटरवरचं कार्ड उलटलं आणि जर्मन शब्दाखाली मराठी अर्थ आला. तिने खुर्ची वडिलांकडे वळवली.

"आबा, सुईण म्हणजे?"

"दाई गं, दाई. बाळंतपण करणारी," बळवंतराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

"अच्छा! मग सीधं दाई लिहायला काय झालं होतं ह्यांना?"

बळवंतराव हसले. लेक देवासच्या हिंदी शाळेत शिकलेली. मराठी फडाफडा बोलायची, पण जुना शब्द समोर आला की गाडी अडलीच. होणारा जावई, यशराज, धारच्या जुन्या घराण्यातला, आजीच्या हाताखाली वाढलेला. त्याचं मराठी कसं खणखणीत! चार वर्षं जर्मनीत नोकरी करूनही अर्थ मराठीतच लिहायचा. लग्न फेब्रुवारीत होतं, आणि त्याच्याकडे जायचं तर व्हिसासाठी ऋतिकाला जर्मनची परीक्षा द्यावी लागणार होती. म्हणून स्वतः शिकताना जमवलेली सगळी कार्डं त्याने ईमेलने पाठवून दिली. "पहिली तीनशेच कर, पुढची लागत नाहीत," असं बजावलंही होतं.

पण ऐकेल ती ऋतिका कसली! तीनशे दिवाळीतच संपली. कार्डं त्याने लिहिली त्याच क्रमाने यायची. आधी पाव, ट्राम, घरभाडं, मग हातमोजे, बर्फ, खोकल्याचं औषध. त्याच्या मागोमाग त्या गावातून हिंडल्यासारखं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षा त्या हिंडण्यातच तिचा जीव रमला होता.

"रविवारी फोनवर ह्यांना चाटच पाडते, बघा. आबा, बाळंतीण?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"जच्चा."

"आणि दुपटं?"

बळवंतराव उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर खरंच तेच लिहिलं होतं.

"तान्ह्या बाळाला गुंडाळतात ते फडकं. ऋतिका, ही कार्डं कधीची आहेत गं?"

"खाली तारीख आहे ना. ही दोन हजार छहची, जूनची." ती लाजून हसली. "किती दूरची सोचतात हे!"

बळवंतरावांनी वाकून ती तारीख पुन्हा वाचली. दीड वर्षापूर्वीची. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. तीनदा धारला खेटे घातले होते, मुलाची चौकशी दहा जणांकडे केली होती. साखरपुडा होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

"आता पुरे. डोळे दुखतील."

"आबा, बीच में नका ना बोलू. लास्ट आहे."

त्यांनी माऊसकडे हात नेला, पण तिने आधीच शेवटचं कार्ड उघडलं होतं. त्यावर मराठी काहीच नव्हतं. जर्मनमधलं एक वाक्य आणि खाली तारीख, जून दोन हजार सात. ऋतिकाला उलट हुरूप आला. पूर्ण वाक्य, आणि एकही शब्द विचारावा लागत नव्हता. सगळे पहिल्या तीनशेतलेच होते. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द सोडवत गेली.

"आमची... मुलगी... आज... एक वर्षाची... झाली."

बोट तिथेच राहिलं. बाहेर स्कूटर थांबली, शेजारच्यांचं फाटक वाजलं. ऋतिकाने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून मनात वाचलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला आणि बळवंतरावांना तो बघवेना.

"आबा, बरोबर सांगितलं ना मी?"

बळवंतरावांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं.

"चुकलं असेल गं कुठेतरी," ते कसंबसं म्हणाले.

"नाही, आबा," ऋतिका म्हणाली. "हे सगळे शब्द मला पाठ आहेत."