काळा रंग महाग पडला

प्लाझ्मा टीव्हीच्या कारखान्यात ती अकरा वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून पडदे तपासायची. पडद्यावरचा काळा रंग खरंच काळा आहे ना, हे बघणं तिचं काम. सगळे तिला घुबडताई म्हणत. राखाडी झाक तिच्या नजरेतून कधी सुटली नाही.

एका सोमवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. प्लाझ्माचं काम महिनाअखेर बंद. पुढे बाहेरून तयार एलसीडी पडदे आणून आपल्या नावानं विकायचे.

"साहेब, चित्र कुणाचं चांगलं?" घुबडताईनं विचारलं.

"आपलंच. वादच नाही."

"मग?"

"अहो ताई, ते एलसीडीवाले एका काचेतून आठ पडदे काढतात, आपण दोन. आपला पडदा तासन् तास भट्टीत भाजावा लागतो. त्यांचा एकेक नवा कारखाना उभा राहिला की भाव आणखी उतरतो. मी कुठून उतरवू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं करणाऱ्यानं हात चोळत बसायचं, हा कुठला न्याय?

संध्याकाळी ती तडक टीव्हीच्या दुकानात गेली. झगझगीत दिव्यांखाली तिच्या कारखान्याचा पडदा मलूल, शेजारचा एलसीडी डोळे दिपवणारा.

"दिवे घालवा आधी," ती दुकानदारावर कडाडली. "घरी कुणी असा लखलखाट करून बसतं का?"

त्यानं मुकाट्यानं दिवे घालवले. गिऱ्हाइकं जमली. "वा! काय चित्र आहे!" एक बाई म्हणाली. मग तिनं दोन्ही किमती वाचल्या आणि एलसीडी बांधायला सांगितला.

"अहो, आत्ता तर वा म्हणालात!"

"म्हणाले की. पण ह्याच्या पैशांत तो येतो, वर फ्रिजही येतो. तुमच्या घरी कुठला आहे?"

घुबडताईच्या घरी सासऱ्यांच्या वेळचं डबडं होतं. स्वतः तपासलेला पडदा तिला स्वतःच्या पगारात कधी परवडलाच नव्हता. राग कुणावर काढावा, तेच कळेना.

पुढच्या महिन्यात एलसीडी आले. अंधारात तिनं पहिला लावला. काळ्याच्या जागी नुसतं धुकं. तपासणीच्या कागदावर मात्र आधीच छापलेलं: 'काळा रंग उत्तम'.

"मारा शिक्का," साहेब म्हणाले. "लोकांना चालतंय, तुमचं काय जातंय?"

"लोक स्वस्त म्हणून घेतात, उत्तम म्हणून नाही. कागदावर 'स्वस्त' लिहा, आत्ता मारते शिक्का!"

साहेबांनी शिक्का काढून घेतला आणि तिला खोकी बांधायला बसवलं. तीन महिने तिनं दातओठ खात खोकी बांधली. मग एका रुग्णालयात एक्स-रे बघायचे पडदे तपासायची नोकरी मिळाली. काळ्यातली बारीक रेघ दिसली नाही तर तिथे मोडलेलं हाड कळत नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं दोन पडदे नापास केले. डॉक्टरीणबाईंनी ते तिच्या शब्दावर परत पाठवले, चांगल्या पडद्यांची किंमत विचारलीसुद्धा नाही. घुबडताईला बरं वाटायला हवं होतं. उलट तिचं डोकं आणखीच तापलं. माणूस आजारी पडल्यावरच का त्याच्या वाट्याला खरा काळा यायचा?