घाणी अडली त्या सकाळी

मित्रांनो, मी चुन्याच्या घाणीचा दगड. जात्यासारखा आडवा नाही हं, चाकासारखा उभा! माझ्या पोटातून लाकडी दांडा जातो, त्याला बैल जुंपतात आणि गोल दगडी चरातून मी फिरत राहतो. चरात चुना, वाळू आणि विटांची भुकटी घालतात. मी ती दळून लोण्यासारखी मऊ करतो. तुमची घरं सिमेंटची, त्यामुळे माझं नावही तुम्हाला ठाऊक नसेल. असू दे, मला सवय आहे.

पावागडच्या बाजूच्या खाणीतून मला बडोद्याला आणलं, ते संस्थानाच्या काळात. अकोट्याच्या अंगाला, विश्वामित्री नदीच्या काठी घोड्यांची पागा बांधायची होती. तिची एकेक वीट माझ्या चुन्याने जोडली आहे. तेव्हाचं माझं कौतुक काय विचारता! दसऱ्याला झेंडूचा हार, कामावर आल्या आल्या गवंड्यांचा नमस्कार. पुढे घोडे गेले, संस्थान गेलं, सिमेंट आलं. पागेचं छप्पर खाली बसलं आणि मी बाभळीत पडून राहिलो. कुणी माझ्या भोकातून दोरी ओवून शेळी बांधली. पोरांनी माझा स्टंप केला. एकदा कुणीतरी शेंदूर फासून नारळ फोडला, तेवढे चार महिने बरे गेले.

मग पागेवर नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, पाडणार.

शेजारच्या वस्तीत मंदाताई बालवाडी चालवतात, रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली. नदीला पूर आला तेव्हा वस्तीतली चाळीस घरं याच पागेच्या उंच जोत्यावर तीन दिवस बसून होती. मंदाताई नोटीस वाचून कडाडल्या, "ज्या जोत्याने आमचा जीव वाचवला, ते मी पाडू देणार नाही!" त्यांना श्रद्धाची साथ मिळाली. श्रद्धा याच वस्तीत वाढलेली, आता आर्किटेक्ट झालेली. तिने नकाशाच काढला. पडलेल्या विटा कुटून भुकटी करायची, मोडक्या तुळयांची बाकं करायची, घोड्यांच्या हौदात छपरावरचं पाणी साठवायचं. दिवसा बालवाडी, संध्याकाळी वाचनालय, आणि पूर आला की सगळ्यांना आसरा. पालिकेने ऐकून घेतलं, पण अट घातली. दरवाजाची मोठी कमान पाहणीच्या दिवशी पक्की दिसली तर पागा राहील, नाहीतर बुलडोझर.

कमानीचं काम विश्रामकाकांकडे आलं. त्यांचे वडील चुन्याचे गवंडी. काकांनी स्वतः मात्र कोयलीच्या तेल कारखान्यात तीस वर्षं सिमेंटचं काम केलेलं. त्यांनीच मला बाभळीतून ओढून काढलं, घासलं, चरात उभं केलं. डभोईहून नारणभाई आपला बैल घेऊन आले आणि मी फिरलो! खरं सांगतो, पहिल्या फेऱ्याला मला रडू आलं असतं, पण दगडाला ते जमत नाही.

पाहणीला पाच दिवस उरले होते. कमानीचा वरचा भाग तेवढा जोडायचा होता. हवा ओलसर, चुना वाळता वाळेना. दुपारी सगळे जेवायला गेले आणि विश्रामकाका एकटेच परत आले. खांद्यावर एक गोणी होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गोणी फाडली आणि चरात ओतली. सिमेंट! माझ्या अंगावरून ती भुकटी ओघळली तसा माझा संताप झाला. अहो, जुनी वीट ओल पिते आणि हळूहळू सोडते. चुना तिला ती सोडू देतो. सिमेंट तिचं तोंड दाबून धरतं. मग वीट आतल्या आत भुसभुशीत होते. कमान वरून धडधाकट दिसते आणि एक दिवस खाली येते. हे काकांना ठाऊक नव्हतं का? वडिलांनी पढवलं होतं! पण भीती वाईट. बैलाला स्वतः हाकत ते पुटपुटत होते, "फक्त पाहणी होऊ दे. फक्त पाहणी."

मी ओरडणार कसा? फिरत राहिलो. आपल्याच पायांनी पाप दळत राहिलो. विटांच्या लाल रंगात सिमेंटचा करडा रंग दडला आणि दिवस मावळायच्या आत तो माल कमानीत गेलासुद्धा. उरलेला चरात राहिला. तेवढ्यात श्रद्धाने तुळया मोजायला हाक मारली. काकांनी घाईघाईने चरावर ओलं पोतं टाकलं. वडिलांची शिकवण ती, चुना जितका मुरेल तितका चांगला! सवय चुन्याची आणि माल सिमेंटचा.

सकाळी नारणभाईंनी बैल जुंपला. बैलाने जोर लावला. मी हललो नाही. माल दगड झाला होता, मला तळाशी गच्च धरून बसला होता.

"चाल ने, बेटा! हवे शुं थयुं?" आता काय झालं, असं विचारत नारणभाईंनी बैलाची पाठ थोपटली. बैलाच्या तोंडाला फेस आला, दांडा कडकडला, तरी मी जागच्या जागी.

श्रद्धा धावत आली. "दगडच निकामी झालाय. काका, आता वेळ नाही. मशीन मागवू या. याला बाहेर बागेत ठेवू, शोभेला."

शोभेला! चोर सोडून संन्याशाला फाशी! मी विश्रामकाकांकडे पाहत होतो. ते जमिनीकडे पाहत होते.

इतक्यात मंदाताई पोरांना घेऊन आल्या. "इथे वारा छान लागतो, इथेच सतरंजी घालायची. अवनी पुढे बसेल, तिला लांबचं दिसत नाही." हे ऐकताच चार वर्षांची अवनी टेकूच्या खांबांमध्ये शिरली आणि कमानीखाली मांडी घालून बसलीसुद्धा.

"ऊठ! बाळा, तिथून ऊठ आधी!"

विश्रामकाका इतक्या जोरात ओरडले की पोर रडायला लागली. त्यांनी तिला उचलून बाहेर आणलं आणि मंदाताईंच्या हातात दिलं.

"श्रद्धाबेन, दगडाचा दोष नाही," ते म्हणाले. "काल मी चरात सिमेंट ओतलं. वर कमानीतही तेच आहे."

श्रद्धा नुसती कमानीकडे पाहत राहिली. मग तिने छिन्नी उचलून काकांच्या हातात दिली. "उतरवा. सगळं उतरवा. नोटिशीचं पुढे पाहू."

दोन दिवस छिन्नी चालली. आधी मला सोडवलं, मग कमान उतरवली. पुन्हा शुद्ध चुना, पुन्हा एकेक वीट. पाहणीच्या दिवशी पालिकेचे धैर्यशील साहेब आले, तेव्हा कमान टेकूवरच होती आणि चुना बोटाला लागत होता.

"मुदत संपली," साहेब म्हणाले. "टेकू काढून दाखवा."

"नाही काढणार, साहेब." विश्रामकाका पुढे आले. "आज काढला तर पडेल. आधी सिमेंट घालून फसवायचं काम मीच केलं होतं, तेच मी उतरवलंय. एकवीस दिवस द्या."

साहेबांनी बोटाला लागलेला चुना रुमालाला पुसला. "एकविसाव्या दिवशी माझ्यासमोर काढायचा. एक वीट जरी हलली, तरी दुसऱ्या दिवशी पागा पाडणार."

ते एकवीस दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एकविसाव्या दिवशी वस्ती दोरीपलीकडे उभी राहिली. विश्रामकाका एकटे आत गेले. टेकूखालच्या पाचरी ते हातोडीने एकेक सैल करू लागले. पहिली निघाली. दुसरी. तिसरी. चौथीला कमान करकरली आणि वरून धूळ पडली. मंदाताईंनी अवनीला पोटाशी धरलं. काका जागेवरच थांबले, वर पाहिलं, आणि पाचवी पाचर काढली.

टेकू खाली आला. कमान राहिली.

साहेबांनी खालून, बाजूने, पुन्हा खालून पाहिलं आणि कागदावर सही केली. मंदाताई ओरडल्या, "विश्रामभाऊ, या आता बाहेर!"

"थांबा, ताई," काका आतून म्हणाले. "थोडा वेळ मी बसतो इथे. मग पोरं."

आणि ते कमानीखाली मांडी घालून बसले. चांगला तासभर!

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना बागेत शोभेला ठेवू नका, काम द्या. पडक्या भिंतींना पाडण्याआधी विचारा, अजून कुणाला आसरा देशील का? पण याहून मोठी एक विनंती आहे. त्या दुपारी मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. चूक दिसली की बोला. आणि ती आपलीच असेल, तर सगळ्यांच्या आधी बोला.