हौदाची पाळी

मित्रांनो, मला ना हात आहेत ना पाय, तरी वाईजवळच्या आमच्या गावात कोणाच्या उसाला कधी पाणी मिळेल हे मीच सांगतो. मी पाणीवाटपाचा एक जुना प्रोग्रॅम आहे.

आमच्या गावची अल्फिया कॉलेजात असताना तिने मला पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिले. पंप चालायची मिनिटे मी गुंठ्यांवर वाटायचो. त्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत सात भागिले दोन म्हणजे सरळ तीन. वरचा अर्धा सोडून द्यायचा. त्यामुळे सगळ्यांची पाळी संपली तरी पंप थोडा वेळ चालूच असे. ते पाणी गुरांच्या हौदाला सोडायचे, अशी गावाची रीतच पडली. पाळीवरून होणारी भांडणे मिटली आणि माझे फार कौतुक झाले.

पुढे त्या आवृत्तीला कोणी वाली उरला नाही. पाणी सोसायटीत नवा संगणक आला, तो मला ओळखच दाखवेना. चेअरमन कृष्णातकाका म्हणाले, "टाका काढून. पुण्यासनं तयार आणू दुसरा."

मला फार वाईट वाटले. पण अल्फिया म्हणाली, "काका, ह्यो आपल्या गावासाठीच लिवलाय. मी नव्या आवृत्तीत नेते त्याला."

तिने माझी ओळ न् ओळ तपासली आणि मी पुन्हा चालू झालो. आता सात भागिले दोन म्हणजे साडेतीन. एक थेंब इकडचा तिकडे होईना. काका खूश झाले, आणि खरे सांगायचे तर मीही जरा फुशारलो.

त्याच उन्हाळ्यात लीलाबाई सोसायटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना शेत नाही. म्हशींवरच घर चालते.

"आवं, हौद कोरडा ठाक हाय. म्हशी तशाच माघारी आल्या. दूध आटलं तर मी काय करू?"

"वाटणी तर बरुबर हाय," काका म्हणाले.

"बरोबर हाय म्हणूनच हौदाला काय उरंना," अल्फिया म्हणाली. "मी नुसता भागाकार बघितला, काका. हौद बघितलाच न्हाई."

"मग जुन्यावानी कर. उरलंसुरलं सोडू."

"उरलंसुरलं कशाला? हौदाला पाळीच देऊ की."

काकांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाले, "टाक नाव. पयलं टाक."

मित्रांनो, जुन्याला खुशाल नवे करा. मी नवा होऊन ठणठणीत आहे. फक्त त्याआधी बघा, ते जुने न सांगता कोणाची तहान भागवत होते. आता पहिली पाळी हौदाची असते, ऊस त्याच्यानंतर. लीलाबाई म्हशी पाजून जातात, कोणाचे आभार मानत नाहीत. ते पाणी त्यांच्या हक्काचे आहे.