रबर लावलेला पाट

“बाय, ह्यो पाट हंयसून हलवू नकात,” असं शांतारामबाब मला म्हणाले होते, आणि मी “बरं बरं” म्हणून हसले होते.

दसऱ्याचा दिवस होता. राणी तेव्हा दोन महिन्यांची, माझ्या खांद्यावर झोपलेली. सासूबाईंनी मला गिरणीतल्या इंजिनाला झेंडूची माळ घालायला पाठवलं होतं. इंजिनाशेजारच्या भिंतीवर खिळ्याला फणसाच्या लाकडाचा एक पाट टांगलेला असे. हातभर लांब, दीड वीत रुंद, आणि एका बाजूला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर ठोकलेलं. धूळ पुसायला म्हणून मी तो काढला, तर शांतारामबाब हातातलं कुंकू तसंच घेऊन धावत आले.

“डिझेल बंद केला तरी इंजिन थांबणा नाय, असा कधी कधी होता,” ते म्हणाले. “स्वताचाच तेल खाता आणि सुटता. तेव्हा तेचो वारो बंद करूक व्हयो. वारो घेता त्या तोंडार ह्यो पाट दाबूचो. दुसरो उपाय नाय.”

म्हणजे त्यांनी सगळं सरळ सांगितलं होतं. पण सांगता सांगता त्यांनी पाटाला कुंकवाचं बोट लावलं, आणि माझे कान तिथेच मिटले. बी.एस्सी. झालेल्या बाईचे कान असे सोयीने मिटतात. इंजिनाला तोंड, इंजिनाला श्वास, आता अंगात यायचंच काय ते बाकी, असं मनाशी म्हणत मी माळ घातली आणि घरात आले.

आमची गिरण गोव्यात, पार्सेत, घराला लागूनच. मधली भिंत एकच. इकडे राणीचा पाळणा, तिकडे इंजिनाचं चाक. गिरण माझ्या सासऱ्यांची, गोकुळदासमामंजींची. माझे यजमान प्रवीण वाळपईला सरकारी कचेरीत, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. इंजिन मामंजींनी सुर्लाच्या एका खाणीवरून आणलेलं. तिथे ते पंप ओढायचं. एकाच सिलिंडरचं, दोन्ही अंगांना माणसाच्या छातीएवढी बिडाची चाकं, विलायती बनावटीचं, नावाची पट्टी कधीच झिजलेली. इंजिनाबरोबर आंदण आल्यासारखे ते चालवणारे शांतारामबाबही आले, आणि सोळा वर्षं राहिले.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा बाळंतपणातला विरंगुळा होता. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक सिलिंडरवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटायचे. मग दोन बोटांत तेल चोळायचं, वास घ्यायचा. धुराचा रंग बघायचा. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा असेल तर इंजिन अजून थंड आहे, निळा असेल तर तेल जळतंय. केलेलं प्रत्येक काम गिरणीच्या दारावर खडूने लिहायचं. ‘ता. ४ तेल बदलले.’ ‘ता. ११ जाळी धुतली.’ त्यांचा ‘ल’ शेपटीला गाठ मारल्यासारखा असे. तो मी कुठेही ओळखेन.

आणि मग पुण्याहून दीपकभावोजी आले.

माझे धाकटे दीर. सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करून आले, आणि तेव्हापासून अशी मराठी बोलू लागले की दारातल्या म्हशी वळून पाहत. त्या वर्षी गिरणीत भाषेवरून रोज रणधुमाळी चाले. मराठीचे कैवारी कोंकणीतून भांडत, कोंकणीचे कैवारी मराठी वर्तमानपत्र आपटून भांडत, आणि पीठ दोघांच्याही भुवयांवर सारखंच बसे. भावोजी दोन्ही बाजूंना मान डोलवत. ज्याचं दळण त्याची भाषा.

मार्चपासून इंजिन निळा धूर सोडू लागलं. जोरही कमी झाला. शांतारामबाबांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, दोन दिवस लावला, आणि मामंजींना म्हणाले, “पिस्टनाच्ये रिंगो झिजले. तेल वर चढता. नवे घालीसर जड काम देव नकात. आणि तेल खालच्या खुणेर ठेवा, वर नाका.”

भावोजी हसले. “शांतारामबाब, इंजिन तेल पितंय म्हणजे त्याला तेल कमी पडतंय. तहानलेल्याला पाणी कमी द्यायचं, हे कुठलं शास्त्र?”

“तहान न्हय ती. गळती ती.”

“तुमचा काळ गेला हो. आता सिस्टीम असते.”

मी दारात होते. न राहवून म्हटलं, “भावोजी, सिलिंडरमध्ये वंगणाचं तेल गेलं तर तेही जळणारच की. डिझेल काय आणि ते काय, जात एकच.”

“वहिनी, तुमची केमिस्ट्री राणीच्या दुधाच्या बाटलीपुरती ठेवा,” भावोजी म्हणाले, आणि दळणाला आलेले सगळे हसले. मामंजीही हसले. मुलगा पुण्याहून आला की बापाला शहाणपण त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं.

एप्रिलात शांतारामबाबांना जा म्हणून कुणी सांगितलं नाही. फक्त भावोजींनी गिरणीची किल्ली स्वतःकडे घेतली आणि दारावरचे खडूचे आकडे ओल्या फडक्याने पुसले.  शांतारामबाब पिशवी घेऊन देवळाच्या धर्मशाळेत राहायला गेले.

त्याच आठवड्यात राणी न्हाणीत माझ्या हातातून निसटली. तेल लावलेलं लेकरू, गुळगुळीत फरशी. डोकं आपटायचं ते दोन बोटांनी राहिलं. मला रात्रभर झोप लागली नाही. बालसंगोपनाच्या पुस्तकात होतं की बाळाला अंघोळ घालताना खाली न घसरणारं काहीतरी हवं. सकाळी गिरणीत गेले तर समोर खिळ्याला तो पाट. एका बाजूला रबर. माझ्यासाठीच कुणी केल्यासारखा. शांतारामबाब गेलेच होते, आता विचारणार कोण? मी तो धुतला, कुंकू घासून काढलं, आणि न्हाणीत नेला. खरंच घसरत नव्हता. मी स्वतःवर इतकी खूष होते की प्रवीणना पत्रात लिहिलं.

मे महिना संपत आला. तीस तारखेला गोवा राज्य होणार होतं. गावाने देवळासमोर मांडव घातला. वीज नेमकी भाषणाच्या वेळी जाते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून भावोजींनी जाहीर केलं की मांडवाला दिवे आपल्या गिरणीच्या इंजिनावर. एक डायनामो आणला, पट्ट्याने चाकाला जोडला, आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, चाचणी ठेवली. अंगणात झावळ्यांखाली बल्बांची माळ लावली. बघायला अर्धा गाव. राज्य दिल्लीत नव्हे, आमच्या अंगणातच मिळत होतं जणू.

शांतारामबाबही आले. चाचणीला नव्हे, आपला स्क्रूड्रायव्हर न्यायला. तो गिरणीतच राहिला होता. भावोजी म्हणाले, “आता गडबड आहे. चाचणी होऊ द्या, मग देतो.” म्हाताऱ्याला स्वतःच्या वस्तूसाठी पायरीवर बसवलं.

मी घरातून, जनेलाच्या गजांना धरून, सगळं पाहत होते. राणी पाळण्यात झोपली होती. भावोजींनी तेलाचा डबा उचलला आणि इंजिनाच्या पोटात ओतला. वरच्या खुणेपर्यंत. मग खुणेच्याही वर. “उद्या मोठं काम आहे, कमी पडायला नको.” वारा गाळायच्या डब्यातही तेल असतं, तोही काठोकाठ भरला. शांतारामबाब पायरीवरून उठले.

“दीपकबाब, येदा तेल नाका.”

“बसा हो तुम्ही.”

ते बसले नाहीत, पण पुढेही आले नाहीत. ज्या दारावरून आपलं अक्षर पुसलं, त्या दाराच्या आत माणूस बोलावल्याशिवाय कसा जाईल?

इंजिन सुरू झालं. धक्-धक् करत लय धरली. बल्ब पिवळे लागले. टाळ्या. मग धूर निळा झाला, दाट झाला, आणि लय आवळू लागली. बल्ब पिवळ्याचे पांढरे झाले. टाळ्या वाढल्या. कुणीतरी म्हणालं, “पुण्याचा शिक्षण हां हे!” भावोजींनी कमरेवर हात ठेवले. बल्ब डोळ्यांना लागतील इतके लख्ख झाले, आणि पहिला फुटला तेव्हाही लोकांनी तो फटाका समजून टाळ्या वाजवल्या.

माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. डायनामोचा पट्टा सुटून कौलांना जाऊन आदळला, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. भावोजींनी डिझेलची चावी बंद केली. इंजिन ऐकेना. उलट अजून चढलं. चाकाचे आरे दिसेनासे झाले. भावोजींनी चावी उघडली, परत बंद केली, मग माझ्याकडे पाहिलं, जणू केमिस्ट्री आता चालेल. आणि मागच्या मागे दाराबाहेर गेले. पुण्याच्या सिस्टीममध्ये तेवढंच होतं.

शांतारामबाब आत शिरले. झडप उचलून इंजिन बंद करायचा खटका कधीच झिजलेला, आणि त्या वेगात तिथे पाना टिकला नसता. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही तिकडे. त्यांचा हात सरळ भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. रिकाम्या खिळ्यावर तो हात क्षणभर तसाच राहिला.

“पाट खंय?”

ते कुणालाच विचारत नव्हते. पण मला माहीत होतं पाट कुठे आहे. न्हाणीत, बाल्दीला टेकून, बेसन सुकलेला.

बिडाचं चाक फुटलं तर ज्या रेषेत फिरतं त्याच रेषेत तुकडे जातात, एवढं मला कळत होतं. त्या रेषेत ती भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे पाळणा. न्हाणी घराच्या दुसऱ्या टोकाला. मी धावले. पाळण्याशी आले. राणीला उचललं, मागच्या दाराने बाहेर पळाले, गोठ्याच्या पलीकडे सासूबाईंच्या हातात दिली, आणि मग न्हाणीकडे वळले.

आधी मूल, मग पाट. आजही तेच करीन. पण तो मधला वेळ कुणीतरी भरला, आणि तो मी भरला नाही.

पाट घेऊन मी गिरणीत पोहोचले तेव्हा शांतारामबाबांनी वारा गाळायचा डबा उपटून फेकला होता. अंगातला सदरा काढून, त्याची घडी करून, त्या नळीच्या उघड्या तोंडावर उजव्या तळव्याने दाबून धरली होती. इंजिन घडीसकट तळवा आत ओढत होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःचं मनगट धरून ठेवलं होतं.  इंजिन खोकलं, अडखळलं, पुन्हा एकदा ओढून घेतलं आणि मेल्यासारखं थांबलं. चाकं मात्र बराच वेळ फिरत राहिली.

त्यांनी हात सोडवला. नळीच्या काठाने तळवा खोलवर गोल कापला होता, जसा करंजीचा काठ कापतात. त्यांनी माझ्या हातातल्या ओल्या पाटाकडे पाहिलं. रबराला राणीच्या अंगाचं बेसन चिकटलं होतं.

“बाळाक न्हाणयताना घसरणा नाय मगे?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या माणसाने मला एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात भाड्याचा जनरेटर लागला. भाषणं दोन्ही भाषांत झाली आणि दोन्ही तितकीच लांबली. ‘मोठा अनर्थ टाळल्याबद्दल’ दीपकभावोजींना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी दोन्ही घेतलं. “मीच त्यांना सांगितलं, दाबून धरा म्हणून,” असं ते आता सांगतात, आणि दर वेळी सांगताना ते स्वतः इंजिनाच्या थोडे आणखी जवळ गेलेले असतात. शांतारामबाब शाल दिली जात होती त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर टाके कोरडे होण्याची वाट पाहत होते. चार दिवसांनी सुर्लाला पुतण्याकडे गेले. बसमध्ये चढताना डाव्या हाताने दांडा धरला. “बरा आसा,” म्हणाले. स्क्रूड्रायव्हर मी स्वतः नेऊन दिला.

इंजिनात आता नव्या रिंगा आहेत आणि पाट खिळ्याला आहे. राणी गोणपाटावर न्हाते.

मी त्यांना दोन पत्रं लिहिली. श्रावणात एक कार्ड आलं. ‘हात बरा झाला. कामही मिळाले. काळजी नसावी.’ घरात सगळ्यांनी ते वाचलं. मामंजी म्हणाले, “बघ, उगीच जिवाला घोर लावून घेतेस.” प्रवीण म्हणाले, “झालं ना समाधान?” भावोजी म्हणाले, “मी सांगितलं होतं.”

त्या कार्डात दोन ‘ल’ होते. एकाच्याही शेपटीला गाठ नव्हती. हात बरा झाला म्हणणाऱ्या माणसाने ते कार्ड दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं, आणि सोळा वर्षं दारावर लिहिलेलं अक्षर आमच्या घरात माझ्याशिवाय एकालाही आठवत नव्हतं. मी म्हटलं, मी जाऊन येते. तर घरातले म्हणाले, अंगावरचं मूल घेऊन त्या खाणींच्या धुळीत कशाला? मूल घरी ठेवून जाते म्हटलं, तर म्हणाले, अंगावरचं मूल ठेवून कुणी जातं का?

म्हणून तुम्हाला सांगते. डिचोलीच्या बाजूला कामाने गेलात, सुर्लाच्या रस्त्याला लागलात, तर जरा थांबा. खनिजाचे ट्रक वळतात तिथे शांतारामबाबांच्या पुतण्याचं घर विचारा. ते बाहेर येतील, ‘बरा आसा’ म्हणतील, आणि उजवा हात पाठीमागे ठेवतील. तेवढ्यावर परत फिरू नका. बोलत बसा, चहा झाल्यावर सहज म्हणा, बाब, तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलंय. आणि ते कुठल्या हाताने लावतात, लागतं का, ते बघून मला कळवा.